पिंजरा, बाटली आणि संप्रेरक

शाळेच्या ऑफिसात, बँकेत, लग्नाच्या मांडवात वीस लिटरचा निळसर पारदर्शक जार आता सगळीकडे दिसतो. हातातून पडला तरी तो सहसा फुटत नाही, उन्हात टेम्पोवर तासन्‌तास उभा असतो, रिकामा झाला की धुऊन पुन्हा भरला जातो. असे पुष्कळ जार पॉलिकार्बोनेट नावाच्या प्लास्टिकचे असतात. (काही जार पेट या प्लास्टिकचे असतात, त्यांचा या गोष्टीशी संबंध नाही.) या जारचा इतिहास शोधू लागलो, तर आपण प्लास्टिकच्या कारखान्यात न पोचता लंडनमधल्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत, उंदरांच्या पिंजऱ्यांपाशी पोचतो. ती गोष्ट या लेखात सांगायची आहे.

माध्यमिक शाळेत आपण संप्रेरके एका धड्यात शिकवतो आणि प्लास्टिक दुसऱ्या. संप्रेरके, म्हणजे हार्मोन्स, जीवशास्त्राच्या तासाला येतात. बहुवारिके, म्हणजे पॉलिमर, रसायनशास्त्राच्या तासाला. दोन्ही धड्यांची एकमेकांशी गाठ पडत नाही. आपल्याकडे वेळापत्रकामुळे तसे होते असे म्हणता येईल. पण संशोधनाच्या जगातही हे दोन धडे जवळजवळ साठ वर्षे एकमेकांपासून दूर राहिले, आणि त्यांची गाठ पडली तीही अपघाताने.

आपल्या गोष्टीतला मुख्य पदार्थ बिस्फेनॉल-ए. फेनॉलचे दोन रेणू आणि ॲसिटोनचा एक रेणू आम्लाच्या सान्निध्यात जोडले, की हा पांढरा घन पदार्थ तयार होतो. नावातला ‘ए’ ॲसिटोनचा. रशियन रसायनशास्त्रज्ञ अलेक्सांद्र दियानिन यांनी तो १८९१ साली प्रथम तयार केला. त्या काळी असे शेकडो नवे पदार्थ तयार होत, त्यांचा वितळणबिंदू टिपला जाई आणि बाटली फडताळात जाई. या पदार्थाचेही तसेच झाले.

पुढची पंचेचाळीस वर्षे सोडून आपण १९३६ सालच्या लंडनला जाऊ. मिडलसेक्स हॉस्पिटलच्या वैद्यकीय महाविद्यालयात एडवर्ड चार्ल्स डॉड्स हे जीवरसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. स्त्रीसंप्रेरके, म्हणजे ईस्ट्रोजेने, तेव्हा नुकतीच हाती लागली होती. त्यांतले ईस्ट्रोन १९२९ साली शुद्ध स्वरूपात मिळाले होते, पण ते मिळवायचे गर्भवती स्त्रियांच्या किंवा घोड्यांच्या मूत्रातून. पिंपेच्या पिंपे मूत्र आटवावे तेव्हा चिमूटभर पदार्थ हाती येई. साहजिकच ते अतिशय महाग होते. ऋतुनिवृत्तीच्या त्रासावर स्वस्त औषध मिळावे, यासाठी प्रयोगशाळेत बनवता येईल असा साधा रेणू डॉड्स शोधत होते.

त्यांची परीक्षेची पद्धत वर्गात सांगण्याजोगी आहे. मादी उंदराचे बीजांडकोश शस्त्रक्रियेने काढून टाकायचे. मग तिच्या शरीरात ईस्ट्रोजेन जवळजवळ उरत नाही आणि तिचे ऋतुचक्र थांबते. अशा मादीला परीक्षेचा पदार्थ द्यायचा आणि योनीच्या अस्तरातल्या पेशी काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या. पेशी चपट्या, शल्कासारख्या झाल्या असतील तर त्या पदार्थात ईस्ट्रोजेनचा गुण आहे. उंदराचे शरीर स्वतःच उत्तर देते. पदार्थाची रचना काय, तो आला कुठून, याच्याशी त्या पेशींना कर्तव्य नसते.

नैसर्गिक ईस्ट्रोजेनच्या रेणूत चार कडी एकमेकांना चिकटलेली असतात. ही चौकट मोडली तर गुण जाईल, अशी सर्वांची समजूत होती. डॉड्स आणि त्यांचे सहकारी विल्फ्रिड लॉसन यांनी एकेक कडे सोडवत साधे साधे रेणू उंदरांना देऊन पाहिले. १९३६ साली ‘नेचर’मध्ये त्यांनी जे पदार्थ नोंदवले, त्यांत दियानिन यांचा तो विस्मृतीत गेलेला पदार्थही होता. त्याच्या दोन टोकांना फेनॉलची दोन कडी, आणि ईस्ट्रोजेनच्या एका टोकालाही तेच कडे. पेशीतला ईस्ट्रोजेनचा ग्राहक रेणू त्या कड्याला ओळखतो. गुण होता, पण क्षीण, नैसर्गिक संप्रेरकाच्या हजारो पटींनी कमी. औषध म्हणून त्याचा उपयोग नव्हता, म्हणून डॉड्स पुढे गेले. एवढे मात्र छापून झाले होते, की बिस्फेनॉल-ए हे दुर्बळ का होईना, पण स्त्रीसंप्रेरकासारखे वागते. हे छापले गेले तेव्हा त्याची एकही बाटली अस्तित्वात नव्हती.

पुढे १९३८ साली डॉड्स यांना हवे ते सापडले. डायएथिलस्टिल्बेस्ट्रॉल, थोडक्यात डीईएस. बिस्फेनॉलशी त्याचे कुळ जुळते, पण ताकद नैसर्गिक ईस्ट्रोजेनच्या बरोबरीची, किंबहुना काकणभर जास्तच. ते तोंडाने घेता येई आणि कवडीमोलाने तयार होई. सरकारी पैशातून झालेले संशोधन म्हणून त्याचे पेटंट घेतले गेले नाही. हेतू उदात्त होता. परिणाम असा झाला की वाटेल त्या कंपनीने ते बनवावे.

इथे मुख्य वाट सोडून थोडे आडवळणाने जावे लागेल, कारण पुढच्या साऱ्या भीतीचे मूळ या आडवळणात आहे. गर्भपात टळावा म्हणून चाळिशीच्या दशकापासून अमेरिकेत गरोदर स्त्रियांना डीईएस दिले जाऊ लागले. वास्तविक प्राण्यांना असा पदार्थ सुरुवातीच्या दिवसांत दिला तर गर्भ टिकत नाही, असे खुद्द डॉड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३८ सालीच दाखवले होते. शिकागोमध्ये सुमारे सोळाशे गरोदर स्त्रियांवर झालेली रीतसर तुलना १९५३ साली प्रसिद्ध झाली. निम्म्यांना डीईएस, निम्म्यांना निष्क्रिय गोळी. गर्भपात टाळण्यात औषधाचा काडीचाही उपयोग दिसला नाही. तरी डॉक्टर ते लिहून देत राहिले. उपयोग नसला तरी अपाय तरी कुठे दिसतो, असा विचार असावा.

अपाय दिसत नव्हता, कारण तो आईत नव्हता. १९६६ नंतर बॉस्टनच्या एका मोठ्या रुग्णालयात पंधरा ते बावीस वर्षांच्या मुली योनीच्या एका अत्यंत दुर्मिळ कर्करोगाने येऊ लागल्या. इतक्या लहान वयात तो जवळजवळ कुणी पाहिलेलाच नव्हता. तेव्हा एका मुलीच्या आईने डॉक्टरांना विचारले, की हिच्या वेळी मी गरोदर असताना डीईएस घेतले होते, त्याचा तर हा परिणाम नसेल? डॉक्टरांनी सुरुवातीला ते मनावर घेतले नाही. पण दुसऱ्या आईनेही तेच सांगितल्यावर त्यांनी पद्धतशीर चौकशी केली. आर्थर हर्ब्स्ट व त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध १९७१ साली प्रसिद्ध झाला. आठ रुग्ण मुलींपैकी सातजणींच्या आयांनी गरोदरपणी डीईएस घेतले होते. तुलनेसाठी निवडलेल्या ३२ निरोगी मुलींच्या आयांपैकी एकीनेही नाही. आठ-बत्तीस अशा इवल्या आकड्यांवर उभा असलेला हा निबंध वैद्यकाच्या इतिहासात फार मोठा मानला जातो. त्याच वर्षी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने गरोदरपणी हे औषध देऊ नये, असे बजावले.

त्या मुलींपैकी हा कर्करोग फारच थोड्यांना झाला. बाकीच्यांपैकी अनेकींना पुढे मूल होण्यात अडचणी आल्या. पण शास्त्रज्ञांना हादरा बसला तो वेगळ्या कारणाने. गर्भाला काही आठवडे मिळालेला चुकीचा संदेश वीस वर्षे गप्प राहू शकतो, आणि जन्मतः बाळ ठणठणीत दिसू शकते, हे त्यांनी प्रथमच माणसात पाहिले. आम्हाला इथे एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. डीईएस हे जबर औषध होते आणि मोठ्या मात्रेत दिले गेले. डीईएसमुळे जे झाले ते प्लास्टिकच्या बाटलीमुळे होईल, असे यावरून सिद्ध होत नाही. काही लेखांत दोन्ही गोष्टी एका दमात सांगितलेल्या असतात, त्यामुळे हे स्पष्ट केले.

आता रसायनशास्त्राच्या तासाकडे वळू. १९५३ साली जर्मनीत हेर्मान श्नेल आणि अमेरिकेत डॅनिएल फॉक्स या दोघांनी, एकमेकांना पत्ता नसताना, पॉलिकार्बोनेट शोधले. बिस्फेनॉल-ए चे रेणू कार्बोनेटच्या दुव्यांनी एकामागोमाग ओवायचे. हे दुवे घालण्यासाठी फॉस्जीन हा विषारी वायू वापरला जाई. भोपाळच्या संदर्भात हे नाव आपल्या कानावर आले आहे. तयार झालेले प्लास्टिक काचेसारखे आरपार आणि हातोड्यालाही दाद न देणारे. चष्म्याच्या भिंगांपासून बाळाच्या दुधाच्या बाटलीपर्यंत ते पसरले. त्याच सुमारास बिस्फेनॉलपासूनच केलेल्या इपॉक्सी राळेचे पातळ अस्तर खाद्यपदार्थांच्या डब्यांना आतून देऊ लागले, म्हणजे पत्रा गंजत नाही आणि टोमॅटोचा रस पत्र्याला खात नाही.

माळेत घट्ट ओवलेला मणी निसटणार कसा, असे आपल्याला वाटेल. मोठ्या प्रमाणात तो निसटतही नाही. पण माळ ओवताना थोडे मणी सुटे राहतातच. शिवाय कार्बोनेटचा दुवा हा एस्टरसारखा असतो, आणि एस्टर गरम पाण्याने व अल्कलीने तुटतो हे आपण फळ्यावर लिहून दाखवतो. साबण करतो तेव्हा दुसरे काय करतो? बाटली उकळली, सोड्याने घासली, तिच्यावर चरे पडले, की थोडेथोडे बिस्फेनॉल सुटते. प्लास्टिक बनवणाऱ्यांना हे ठाऊक नव्हते असे नाही. पण ते इतके थोडे होते की मोजण्यालायक कुणाला वाटले नाही. आणि डॉड्स यांचा १९३६ चा निबंध प्लास्टिकवाल्यांच्या कपाटात नव्हता.

गाठ पडली ती अशी. १९८७ च्या सुमारास बॉस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठात आना सोतो आणि कार्लोस सोनेनशाइन हे स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी वाढवत होते. या पेशी ईस्ट्रोजेन असेल तरच भराभर वाढतात. एके दिवशी ईस्ट्रोजेन नसलेल्या बशांतल्या पेशीही वाढू लागल्या. कुणी चुकून थेंब सांडला का, हवेतून काही आले का, साऱ्या शंका तपासून झाल्या. बराच काळ फुकट गेल्यावर दोष निघाला प्लास्टिकच्या परीक्षानळ्यांत. उत्पादकाने त्यांच्या घडणीत बदल केला होता आणि त्यातून नोनिलफेनॉल सुटत होते. हा निबंध १९९१ साली छापून आला. त्याच वर्षी जुलैमध्ये थिओ कोलबोर्न यांनी विस्कॉन्सिन राज्यातल्या विंगस्प्रेड इथे पक्षी, मासे, माणसे, गर्भवाढ अशा वेगवेगळ्या विषयांतले २१ जण एकत्र बोलावले. अंतःस्रावी यंत्रणेत ढवळाढवळ करणारे पदार्थ, या अर्थाचा इंग्रजी शब्द तिथे रूढ झाला.

दोन वर्षांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात तसाच प्रकार घडला. यीस्ट स्वतः ईस्ट्रोजेन तयार करते की काय, हे तिथे शोधले जात होते. तसे काही सापडलेही. मग यीस्ट न घालता नुसते पाणी तपासले, तर त्यातही तेच! पाणी ज्या चंबूंमध्ये वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक केले जाई ते पॉलिकार्बोनेटचे होते. अरुणा कृष्णन, डेव्हिड फेल्डमन आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली जाहीर केले, की या पाण्यात लिटरमागे दोन-तीन मायक्रोग्रॅम बिस्फेनॉल-ए आहे आणि प्रयोगशाळेतल्या पेशी एवढ्याशा प्रमाणालाही प्रतिसाद देतात. डॉड्स यांच्या निबंधाला तेव्हा ५७ वर्षे झाली होती.

या दोन्ही ठिकाणी नियंत्रित नमुन्याने, म्हणजे ज्यात काहीच घडायला नको त्या बशीने किंवा पाण्याने, बातमी दिली. वर्गात प्रयोग करताना विद्यार्थी ‘याच्यात काही घालायचे नाही तर हा ठेवायचा कशाला?’ असे विचारतात. त्यांना ही उदाहरणे सांगावीत.

तिसरी घटना सर्वांत विलक्षण. १९९८ च्या ऑगस्टमध्ये क्लीव्हलंड शहरातल्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात पॅट्रिशिया हंट उंदरांच्या बीजपेशींचा अभ्यास करत होत्या. आईच्या वाढत्या वयाबरोबर बाळात डाऊन सिंड्रोमसारखे दोष का वाढतात, हा त्यांचा प्रश्न. स्त्रीबीज तयार होताना गुणसूत्रे पेशीच्या मध्यरेषेवर कवायतीला उभ्या राहिलेल्या मुलांसारखी रांगेत लागतात आणि मग दोन बाजूंना वाटली जातात. रांग बिघडली तर वाटणी चुकते; एखाद्या बीजात एक गुणसूत्र जास्त जाते, एखाद्यात कमी. निरोगी मादी उंदरांत ही गडबड शंभरात एक-दोन बीजांत दिसे. त्या महिन्यात ती अचानक चाळिसांत दिसू लागली, आणि तीही ज्यांना काहीही दिलेले नव्हते अशा उंदरांत.

खाद्य तपासले, पाणी तपासले, हवा तपासली. अखेर लक्षात आले, की उंदरांचे पारदर्शक पिंजरे धुरकट झाले आहेत आणि पाण्याच्या बाटल्या ठिपकू लागल्या आहेत. कुणा मदतनिसाने पिंजरे धुताना नेहमीच्या सौम्य साबणाऐवजी फरशी धुण्याचे तीव्र अल्कलीयुक्त द्रावण वापरले होते. पिंजरे पॉलिकार्बोनेटचे. दुवे तुटले, मणी सुटले. हंट यांनी घाईने निष्कर्ष काढला नाही. त्यांनी मुद्दाम तेच द्रावण वापरून पिंजरे खराब केले, बिस्फेनॉल मोजले, उंदरांना थोड्या ठराविक मात्रेत पाजले, आणि गुणसूत्रांची रांग पुन्हा बिघडते का ते पाहिले. ती बिघडली. निबंध छापायला २००३ साल उजाडले. एका मदतनिसाची चूक उलगडायला पाच वर्षे लागली, आणि ती सत्कारणी लागली असे आम्हाला वाटते.

२००७ साली त्यांच्या गटाने आणखी पुढची गोष्ट दाखवली. मादीच्या साऱ्या बीजपेशींची सुरुवात ती स्वतः आईच्या पोटात असतानाच होते. म्हणजे गाभण उंदरीला बिस्फेनॉल दिले, तर ते एकाच वेळी तिला, पोटातल्या पिलीला आणि त्या पिलीच्या भावी पिलांच्या बीजांना पोचते. आजीच्या पाण्याचा परिणाम नातवंडांवर.

आता माणसांचे काय? अमेरिकेत २००३-०४ साली सहा वर्षांवरील २५१७ जणांच्या लघवीची तपासणी झाली, तेव्हा ९३ टक्के नमुन्यांत बिस्फेनॉल-ए सापडले. शरीर ते काही तासांत बाहेर टाकते; तरीही ते बहुतेकांत सापडले, याचा अर्थ ते रोज नव्याने आत येत होते. पण सापडणे म्हणजे अपाय होणे नव्हे. वंध्यत्व, मधुमेह, हृदयविकार यांच्याशी संबंध दाखवणारे अभ्यास आहेत, मात्र डबाबंद अन्न जास्त खाणाऱ्यांचे बाकीचे खाणेपिणेही वेगळे असते, आणि अशा अभ्यासांतून कारण वेगळे काढणे कठीण जाते. बॉस्टनच्या आठ मुलींसारखा स्वच्छ पुरावा इथे नाही. मिळणेही अवघड आहे, कारण ज्यांच्या शरीरात बिस्फेनॉल कधी गेलेच नाही अशी माणसे तुलनेला आणायची कुठून?

दुसरा वाद मात्रेचा. मात्रा वाढली की विषबाधा वाढते, या गृहीतावर विषविज्ञान उभे आहे. मोठ्या मात्रेत तपासायचे, अपाय दिसेनासा होईल तिथपर्यंत खाली यायचे आणि आणखी शंभराने भागायचे, अशी सुरक्षित मर्यादा काढण्याची रीत. संप्रेरके या रीतीत नीट बसत नाहीत. शाळेची घंटा एकदा वाजली तर सारी शाळा उठते. ती दिवसभर वाजत राहिली तर कुणी लक्ष देत नाही. ईस्ट्रोजेन रक्तात मिलिलिटरमागे ग्रॅमच्या लाखकोटीव्या भागांत मोजावे लागते. इतक्या क्षीण खुणांनी चालणाऱ्या यंत्रणेत थोड्या मात्रेचा परिणाम मोठ्या मात्रेपेक्षा निराळा असू शकतो, असे एका पक्षाचे म्हणणे. असे परिणाम दर प्रयोगात पुन्हा दिसत नाहीत, असे दुसऱ्याचे. हा वाद मिटावा म्हणून अमेरिकेत सरकारी आणि विद्यापीठीय प्रयोगशाळांनी एकाच जातीच्या, एकाच ठिकाणी वाढवलेल्या उंदरांवर मिळून काम केले. २०१८ साली निष्कर्ष येऊ लागले, तेव्हा सरकारी गटाला थोड्या मात्रेत फारसे काही दिसले नाही आणि विद्यापीठांतल्या अनेकांना दिसले.

वाद किती खोल आहे, ते आकड्यांवरून कळेल. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ साली दररोजची मर्यादा शरीराच्या किलोमागे ४ मायक्रोग्रॅम ठरवली होती. २०२३ साली तिनेच ती ०.२ नॅनोग्रॅमवर आणली, म्हणजे २०,००० पटींनी कमी. पन्नास किलोच्या माणसाला दिवसाला १० नॅनोग्रॅम. साखरेचा दाणा अर्धा मिलिग्रॅमचा धरला, तर त्याचा पन्नास हजारावा भाग. हे गणित मुलांकडून करवून घ्यावे. यामागे आधार होता तो उंदरांच्या प्रतिकारयंत्रणेतल्या पेशींवर झालेल्या परिणामाचा. गेली नव्वद वर्षे ज्याच्याभोवती सारे फिरत होते त्या स्त्रीसंप्रेरकाचा नव्हे. जर्मनीच्या जोखीम-मूल्यमापन संस्थेला हे पटले नाही. तिने त्याच वर्षी याच्या हजारपट, २०० नॅनोग्रॅम, ही मर्यादा सुचवली. दोन्हीकडे जाणकार माणसे, आणि त्यांच्यासमोर बहुतेक तेच निबंध.

कायदे मात्र वाद मिटायची वाट पाहत थांबले नाहीत. बाळाच्या दुधाच्या बाटल्यांतून बिस्फेनॉल-ए कॅनडाने २००८ साली काढण्याचे जाहीर केले, युरोपने २०११ साली आणि अमेरिकेने २०१२ साली काढले. भारतात अशा बाटल्यांच्या मानकात २०१५ साली ही अट आली. अन्नाच्या संपर्कात येणाऱ्या वस्तूंत त्याच्या वापरावर युरोपीय संघाने डिसेंबर २०२४ मध्ये बंदी घातली. कारखान्यांना बदलासाठी मुदत दिली आहे.

मग ‘बीपीए-मुक्त’ असे ठळक लिहिलेल्या बाटल्या आल्या. काहींत दुसऱ्याच जातीचे प्लास्टिक असते. पण कित्येक उद्योगांनी बिस्फेनॉल-ए च्या जागी त्याचेच भावंड घेतले. दोन कड्यांमधला कार्बनचा सांधा काढून तिथे गंधकाचा बसवला, की बिस्फेनॉल-एस होते. दोन टोकांची फेनॉलची कडी, ज्यांनी डॉड्स यांच्या उंदरांत गुण दाखवला होता, ती जागच्या जागी.

पॅट्रिशिया हंट दरम्यान वॉशिंग्टन राज्यातल्या विद्यापीठात गेल्या होत्या. जुना अनुभव गाठीशी असल्याने त्यांनी पॉलिकार्बोनेटचे पिंजरे केव्हाच काढून पॉलिसल्फोन या अधिक चिवट प्लास्टिकचे आणले होते. काही वर्षांनी नियंत्रित गटातल्या उंदरांचे आकडे पुन्हा बिघडू लागले. त्यांनी पिंजरे उजेडात धरून पाहिले. काहींवर पांढरट पापुद्रा आला होता, आणि त्यातून सुटत होते बिस्फेनॉल-एस. तो निबंध २०१८ च्या सप्टेंबरमध्ये प्रसिद्ध झाला.

आपल्या ऑफिसातला जार रिकामा झाला, की त्याचा तळ एकदा पाहावा. त्रिकोणात १ असेल तर तो पेटचा. ७ असेल तर ‘इतर’. पॉलिकार्बोनेट या ‘इतर’मध्ये येते, पण सगळे ‘इतर’ पॉलिकार्बोनेट नसतात. जार धुरकट झाला आहे का, चरे किती आहेत, धुणारा तो कशाने धुतो आणि तो उन्हात किती वेळ असतो, हे तळावर लिहिलेले नसते. जार आणून देणाऱ्या मुलाला विचारले, तर ते कळू शकेल.